शाळामास्तर रहीमसाहेब

शिक्षकाच्या पश्चात त्याची आठवण काढावयाची म्हणजे एक अडचण उभी राहते. ग्रंथकाराचे ग्रंथ मागे राहतात, शिल्पकाराच्या मूर्ती राहतात, मुत्सद्द्याची भाषणे आणि ठराव दप्तरांत सापडतात. शिक्षकाचे असे हाताला लागणारे काही मागे राहत नाही. त्याने घडविलेली माणसे तेवढी राहतात, आणि तीही आपापल्या नावाने ओळखली जातात. खेळाच्या शिक्षकाची गोष्ट तर त्याहून अवघड. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ठळक छापून येते. त्याच्या पायाला वळण लावणारा माणूस मात्र मैदानाच्या कडेला एका बाकावर बसलेला असतो, आणि छायाचित्रात तो आलाच तर कोपऱ्यात येतो.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे अशा कोपऱ्यातल्या माणसांपैकी एक. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयाला चोपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच्या अवघे नऊ महिने आधी त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भारतीय संघाने जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले होते. त्या घटनेला साठ वर्षे उलटून गेली. तसे पदक पुन्हा भारताच्या हाती आलेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेच आशियाई स्पर्धांतील भारतीय फुटबॉलचे शेवटचे पदक. एका माणसाच्या जाण्याने एवढी मोठी पोकळी पडावी, ही त्याच्या थोरवीची खूण मानावी की त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेच्या दुबळेपणाची, हा प्रश्न रहीमसाहेबांची आठवण काढताना टाळता येत नाही.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. त्या काळचे हैदराबाद ही निजामाची राजधानी होती. मराठवाड्याचे जिल्हे त्याच राज्यात मोडत असल्यामुळे औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील मुले उच्च शिक्षणासाठी ह्याच शहराची वाट धरीत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून पदवीपर्यंतचे शिक्षण मिळे. रहीमही तेथलेच पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले. खेळाडू म्हणून चांगलेच होते. पण पोटासाठी त्यांनी पत्करला तो व्यवसाय शाळामास्तराचा. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शहरातील शाळांतून त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. काचीगुडा, सुलतान बाजार हा भाग हैदराबादेतील मराठी वस्तीचाही भाग. तेलुगू, उर्दू, मराठी आणि कानडी बोलणारी मुले जेथे एकाच रस्त्यावर खेळत, त्या शहरात ह्या मास्तरांची घडण झाली.

हा शाळेचा तपशील मुद्दाम सांगावयाचा तो एवढ्यासाठी की, रहीमसाहेबांच्या पुढच्या साऱ्या कर्तृत्वाची गुरुकिल्ली त्यात आहे. त्यांच्या काळी फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणजे बहुधा जुना नामांकित खेळाडू असे. तो मुलांना स्वतःसारखे खेळावयास सांगे, आणि ज्याला ते जमे तो पुढे जाई. रहीमसाहेबांची रीत वर्गातल्या मास्तराची होती. वर्गात चाळीस मुले असतात आणि चाळिसांची बुद्धी चाळीस प्रकारची असते, हे शिक्षकाला पहिल्या महिन्यातच कळून चुकते. कोणाचे गणित कच्चे, कोणाचे शुद्धलेखन. ज्याचे जे कच्चे त्याच्याकडून ते करवून घ्यावयाचे, हा शिकविण्याचा पहिला धडा. तोच धडा त्यांनी मैदानावर नेला.

त्यांच्या काही युक्त्या फुटबॉलच्या जाणकारांत आजही सांगितल्या जातात. फक्त कच्च्या पायाने खेळावयाचे सामने ते भरवीत. उजव्या पायाने चेंडू मारण्याची सवय असलेल्या मुलाने त्या सामन्यात उजवा पाय लावला की चूक धरली जाई. आरंभी मुले अडखळत, पडत, एकमेकांना हसत. पण काही दिवसांनी डावा पायही बोलू लागे. चेंडू पायाशी घोळवीत न नेता तो लगेच सोबत्याकडे देण्याची सक्ती असलेले सामने, हा दुसरा प्रकार. आपल्याकडील गुणी खेळाडूला एकट्याने चेंडू खेळवीत न्यावयाची हौस भारी. प्रेक्षकही त्यावर टाळ्या वाजवीत. रहीमसाहेबांना ती हौस मोडावयाची होती. खेळ अकरा जणांचा आहे, ही गोष्ट त्यांनी उपदेशाने सांगितली नाही. नियमच असा केला की ती आपोआप अंगी बाणावी. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी वाक्ये करावयास लावणारा मास्तर आणि हा मास्तर, दोघे एकाच जातीचे.

१९४० नंतरच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण त्यांनी हाती घेतले. हा संघ म्हणजे पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या साध्या माणसांचा संघ. कलकत्त्याच्या मोहन बागान किंवा ईस्ट बेंगालच्या मागे होते तसे लाखो चाहत्यांचे बळ त्याच्यापाशी नव्हते. पण त्याच वर्षी ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात ह्या संघाने मोहन बागानला हरविले. आणि मुंबईच्या रोव्हर्स चषकावर तर १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे त्याचेच नाव कोरले गेले. कूपरेजच्या मैदानावर दर वर्षी येऊन चषक घेऊन जाणारे हैदराबादचे हे पोलीस मुंबईकर रसिकांच्या मनात घर करून राहिले. पुढे १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हैदराबादने संतोष करंडकही जिंकला.

ह्या यशाच्या पाठीमागे माणसे हेरण्याची त्यांची दृष्टी होती, आणि दृष्टीइतकीच माया होती. तुलसीदास बलराम हा त्यांचा एक लाडका शिष्य. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला हा मुलगा गरीब घरातला होता. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला यावयास सांगितले. मुलाची अडचण अशी की रोज हैदराबादला येण्याजाण्यापुरते पैसे घरी नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीचा खर्च रहीमसाहेबांनी स्वतः सोसला, असे बलराम पुढे सांगत असत. मास्तरांचा पगार तो किती असणार! पण त्या सायकलीवरून येणारा मुलगा पुढे मेलबर्न आणि रोम अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळला, आणि भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीच्या खेळाडूंत त्याची गणना झाली.

मायेचा पक्षपात होऊ द्यावयाचा नाही, हेही त्यांचे एक व्रत होते. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे स्वतः उत्तम खेळाडू होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या चमूत त्यांचा समावेश होता. पण प्रत्यक्ष सामन्यात उतरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. अकरा जण निवडताना मुलाचे नाव बाजूला ठेवावे लागले तर ते ठेवणारे हे वडील होते. हकीम पुढे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नावारूपाला आले आणि २०१७ साली ध्यानचंद पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली तेव्हा भारतीय खेळाडू बहुधा अनवाणी खेळत. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलाने भारताने इराणला हरविले आणि सुवर्णपदक मिळविले. देशभर आनंद झाला. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. थंड हवेत, ओल्या गवतावर, बूट घातलेल्या बलदंड प्रतिस्पर्ध्यांपुढे आपले अनवाणी खेळाडू टिकाव धरू शकले नाहीत.

पराभव सर्वांच्याच वाट्याला येतो. त्याचे काय करावयाचे यात माणसामाणसांत अंतर पडते. त्या पराभवानंतर कोणी हवेला दोष दिला, कोणी नशिबाला. रहीमसाहेबांनी त्याकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखे पाहिले. कोठे चुकले, का चुकले, हे ओळीओळीने तपासावयाचे. बुटांवाचून आता भागणार नाही, हे उघड होते, आणि भारतीय फुटबॉल महासंघानेही पुढे बूट सक्तीचे केले. पण नुसते बूट घालून काम भागत नाही हे रहीमसाहेबांनी जाणले. त्याच हेलसिंकीत हंगेरीने सुवर्णपदक पटकाविले होते. मधला आघाडीचा खेळाडू पुढे उभा न करता त्याला मागे ठेवावयाचे, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारा प्रतिपक्षाचा बचाववीर गोंधळतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत इतर दोघे शिरतात, ही हंगेरीची नवी रचना साऱ्या युरोपला चकित करीत होती. १९५३ च्या नोव्हेंबरात ह्याच हंगेरीने इंग्लंडला त्याच्याच वेम्बली मैदानावर सहा विरुद्ध तीन असे नमविले. हैदराबादच्या शाळेतला हा मास्तर त्या विद्येचा अभ्यास करून ती आपल्या खेळाडूंच्या अंगवळणी पाडू लागला.

त्याचे फळ १९५६ साली मेलबर्नला दिसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत हैदराबाद राज्य विसर्जित झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, भारताच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरवून ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत प्रवेश केला. अशी मजल गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाचे होते. खरे बोलावयाचे तर हंगेरीने स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे भारताची पहिली फेरी न खेळताच पार पडली होती. पण उपान्त्य सामन्यात गाठ पडली ती पुन्हा युगोस्लाव्हियाशी. चार वर्षांपूर्वी ज्याने दहा गोल चढविले, त्याच संघाविरुद्ध ह्या वेळी पहिला गोल भारताने केला, तोही डिसोझानेच. सामना शेवटी चार विरुद्ध एक असा गमावला, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडूनही हार पत्करावी लागली, आणि भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. तरीही दहा विरुद्ध एक ह्या आकड्यापासून ह्या सामन्यापर्यंतचे अंतर चार वर्षांत कोणी तोडले, हे जाणत्यांना कळून चुकले होते. रोमलाही १९६० साली हंगेरीविरुद्ध एकाच गोलाने हार झाली आणि फ्रान्सशी एक विरुद्ध एक अशी बरोबरी झाली. त्यानंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावर भारताचा संघ उतरलेला नाही.

जकार्ताची कथा मात्र त्यांच्या शिकविण्याची खरी कसोटी ठरली. १९६२ च्या त्या आशियाई स्पर्धांना इस्रायल आणि तैवान यांना येऊ दिले गेले नाही. त्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला, आणि यजमान देशात भारताविरुद्ध क्षोभ उसळला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणात खेळाडूंना मैदानावर उतरावयाचे होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांनी गमावला. पुढच्या सामन्यात थायलंडला चार विरुद्ध एक असे हरविले, पण बचावाचा कणा असलेला जर्नेलसिंग डोक्याला जखम होऊन बाहेर पडला. जपानवर विजय मिळाला आणि उपान्त्य फेरी समोर ठाकली.

डोक्याला टाके पडलेला बचाववीर चेंडू डोक्याने परतवू कसा शकणार? दुसऱ्या कोणी त्याला विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर, प्रतिपक्षाच्या गोलासमोर उभे केले. जखम आहे म्हणून त्याचे पाय आणि त्याची जिद्द निकामी झालेली नाही, हा त्यामागचा हिशेब. मुलाला एक विषय जमेनासा झाला तर दुसरा द्यावा, वर्गाबाहेर घालवू नये, एवढा साधा तो विचार होता. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या तीन विरुद्ध दोन अशा विजयात जर्नेलचा एक गोल होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशीच झाला. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना एकत्र बोलाविले आणि उद्या मला एक भेट द्या, सुवर्णपदकाची, एवढेच मागितले, असे ते खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सुमारे लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून नुकताच उठला होता. आधीचे सामने प्रद्युत बर्मनने सांभाळले होते, पण अंतिम सामन्यासाठी रहीमसाहेबांनी उंचापुऱ्या थंगराजवर विश्वास टाकला. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जीने गोल केला. विसाव्या मिनिटाला जखमी जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाला अखेरीस एकच गोल परतविता आला. चुनी गोस्वामी कर्णधार, सिकंदराबादचा बलराम, पंजाबचा जर्नेल, गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको, हैदराबादचा युसूफ खान, गोलरक्षक थंगराज: प्रांत निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, धर्म निरनिराळे. ही माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत असतील ते असो. चेंडूची भाषा मात्र त्यांना एकाच मास्तरांनी शिकविली होती.

आणि नऊ महिन्यांनी मास्तरच गेले. त्यांनी आपल्या विद्येवर ग्रंथ लिहून ठेवला नव्हता. तेवढी उसंतही त्यांना मिळाली नसावी. शाळा, संघटनेचे चिटणीसपद, पोलिसांचा संघ आणि देशाचा संघ असे चार संसार एकाच माणसाने चालविले. त्यांची पद्धत शिकून घेईल, ती टिपून ठेवील, तिचे वर्ग चालवील अशी संस्था कोणी उभी केली नाही. मोठा माणूस आपल्यामध्ये आहे म्हणून निर्धास्त राहावयाचे आणि तो गेल्यावर त्याच्यासारखा दुसरा नाही म्हणून हळहळावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. दुसरा माणूस आपोआप जन्मत नाही. तो तयार करावा लागतो, आणि पहिला हयात असतानाच करावा लागतो. विहीर भरलेली असते तेव्हाच झऱ्याची काळजी वाहावयाची असते. रहीमसाहेब शिष्यांना दोन्ही पायांनी खेळावयास शिकवून गेले, पण ज्या व्यवस्थेसाठी ते राबले ती मात्र त्यांच्या एकट्याच्या पायावर उभी राहिली होती.

त्यांच्या हयातीत प्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय सन्मान नव्हता. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. बहुसंख्य भारतीयांना त्यांचे नाव नव्याने कळले ते २०२४ साली त्यांच्या जीवनावर आधारलेला 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला तेव्हा. त्या वेळेपर्यंत प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी, फ्रँको, हकीम, बलराम असे त्यांचे शिष्य एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेले होते. बॅनर्जी तर स्वतःही नामांकित प्रशिक्षक झाले. पिढ्यांची ती साखळी आता विरळ झाली आहे.

तरीही रहीमसाहेबांचा वारसा संपला असे म्हणणे बरोबर होणार नाही. देशातल्या कोठल्याही गावात शाळा सुटल्यावर एखादा शिक्षक मागे थांबतो, शिट्टी गळ्यात अडकवितो आणि घरी गेला असता तर विश्रांती मिळाली असती असा एक तास मुलांना देऊन टाकतो. त्याच्या संघाचे नाव वृत्तपत्रात येत नाही, आणि एखाद्या मुलाच्या बसभाड्याचे पैसे त्याच्या खिशातून गेले तर त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. अशा माणसाची किंमत तो हयात असतानाच ओळखावी, त्याचे ज्ञान टिपून घ्यावे, त्याच्या हाताखाली दोन तरुण उभे करावे, आणि तो तासभर थांबतो तेव्हा मैदानाला दिवा आणि मुलांना बूट मिळतील एवढे तरी पाहावे. हैदराबादच्या त्या शाळामास्तरांना ह्याहून निराळे स्मारक हवे झाले असते असे वाटत नाही.